एमसीबी पडला नाही, टीव्ही मात्र आंधळा झाला

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, वळवाच्या पहिल्याच सरीत, आमच्या घरामागच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, एका माडावर वीज पडली. गोव्यात फोंड्याच्या बाजूला हे काही नवल नाही. दिवे क्षणभर मिचमिचले, पंखा फिरत राहिला, फ्रिजची घरघरही थांबली नाही. फक्त टीव्हीच्या पडद्यावर 'नो सिग्नल' आलं आणि सेट-टॉप बॉक्सचा हिरवा दिवा गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी तपासलं तर टीव्ही धडधाकट निघाला. ज्या एचडीएमआय पोर्टला सेट-टॉप बॉक्स जोडला होता, तेवढा एकच पोर्ट मेला होता.

वायरमन आला, डीबी, म्हणजे एमसीबींची पेटी, उघडून बघितली आणि म्हणाला, "काका, एमसीबी पडायला पाहिजे होता. जुना झालाय, बदलून टाका."

हा लेख त्या वाक्यामुळे लिहितोय. एमसीबी, म्हणजे करंट वाढला की आपोआप पडणारं बटण, जुना नव्हता आणि त्याची काही चूकही नव्हती. वायरीतून प्रमाणाबाहेर करंट जाऊन वायर तापू नये, एवढ्यासाठीच तो बसवलेला असतो. शॉर्ट सर्किट झालं तरी तो उघडायला साधारण १० मिलिसेकंद घेतो, म्हणजे १०,००० मायक्रोसेकंद. विजेमुळे वायरीत उठणारी लाट शंभरेक मायक्रोसेकंदांत येऊन निघूनही जाते. एमसीबीच्या भरवशावर टीव्ही ठेवणं म्हणजे वरातीमागून घोडं. स्टॅबिलायझरचं तेच, त्यातला रिले 'टक्' करेपर्यंत सगळा कारभार आटोपलेला असतो.

मग या वेगाला पुरा पडणारं घरात काही आहे का? आहे, आणि ते दहा-पंधरा रुपयांत मिळतं. जळालेला एखादा स्पाईक गार्ड, म्हणजे लाट अडवणारी सॉकेटची पट्टी, फेकायच्या आधी स्क्रू काढून बघा. आत फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये एक निळी चकती दिसेल, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी, दोन पायांची. तिच्यावर बारीक अक्षरांत १४डी४३१के असं काहीतरी छापलेलं असतं. १४ म्हणजे व्यास, मिलिमीटरमध्ये. ४३१ म्हणजे चारशे एकतीस नव्हे. ४३ वर एक शून्य, म्हणजे ४३० व्होल्ट. हा मेटल ऑक्साइड वॅरिस्टर, दुकानातल्या भाषेत एमओव्ही. माझ्या मते घरातल्या सगळ्या विजेच्या सामानात याच्याइतकी देखणी वस्तू दुसरी नाही, म्हणून याच्यापाशी जरा जास्त वेळ थांबणार आहे.

चकतीचा मुख्य माल झिंक ऑक्साइड. घामोळ्यांवर लावायच्या गुलाबी कॅलामाइनमध्ये असतो तोच, क्रिकेटपटू नाकावर पांढरा पट्टा ओढतात तोही तोच. त्याच्या पुडीत थोडं बिस्मथ ऑक्साइड आणि आणखी दोन-चार धातूंची ऑक्साइडं मिसळायची, दाबून चकती करायची आणि भट्टीत हजार अंशांच्या वर भाजायची. एका अर्थाने हे कुंभारकामच. भाजताना झिंक ऑक्साइडचे सूक्ष्म कण वाढतात, एकमेकांना भिडतात आणि बिस्मथ त्यांच्यामधल्या सांध्यांत जाऊन बसतं. जपानमध्ये मात्सुशिता कंपनीच्या मिचिओ मात्सुओका यांनी या भाजलेल्या चकतीचे गुण शोधले आणि १९७१ साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला.

गंमत आहे ती त्या सांध्यांत. प्रत्येक कणाच्या आत वीज बऱ्यापैकी सहज वाहते. पण सांध्यावर इलेक्ट्रॉन अडकून पडतात. अडकलेल्यांचा ऋण भार मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना ढकलून लावतो आणि तिथे एक अदृश्य बांध तयार होतो. एका सांध्यावर साधारण ३ व्होल्टपर्यंत हा बांध टिकतो. त्याहून दाब वाढला की इलेक्ट्रॉन इतक्या जोराने पलीकडे आदळतात की तिथे धन भाराची पोकळ जागा, म्हणजे 'होल', तयार होते. ती सांध्याकडे ओढली जाते, तिथल्या अडकलेल्या ऋण भाराला निष्प्रभ करते आणि बांध खचतो. खचला की आणखी इलेक्ट्रॉन, आणखी होल, बांध आणखी खाली. हे सगळं काही नॅनोसेकंदांत. लाट ओसरली की सांध्यात इलेक्ट्रॉन पुन्हा अडकतात आणि बांध पुन्हा उभा.

आपल्याकडे खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेती, पाहिलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. बांधातली मानस, म्हणजे खाडीचं पाणी अडवणारं दार, अशीच चालते. कुणी उघडायला जात नाही, बंद करायला जात नाही. पाण्याचा दाबच लाकडी झडप हलवतो. फरक एवढाच की मानस एका दिशेने उघडते आणि वॅरिस्टर दोन्ही दिशांनी.

आता हिशेब. एका सांध्याला ३ व्होल्ट, चकतीला हवेत ४३०. म्हणजे एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत वाटेत साधारण १४० सांधे ओळीने यायला हवेत. चकती किती जाड करायची हे त्यावरून ठरतं. आपल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्याचा दाब एसीच्या चढउतारात टोकाला ३२५ व्होल्ट असतो. तो ४३० च्या खाली आहे, म्हणून एरवी चकती झोपलेली. तिच्यातून जाणारा करंट मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा लागतो. ४३० व्होल्टला १ मिलिअँपिअर जातो. आणि याच चकतीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की ५० अँपिअर सोडताना तिच्यावर जास्तीत जास्त ७१० व्होल्ट येतील. दाब दुप्पटसुद्धा झाला नाही आणि करंट पन्नास हजारपट झाला! ओहमचा नियम शाळेत घोकलेल्याला ही सरळ दगाबाजी वाटेल. साध्या रोधकात दाब दुप्पट तर करंट दुप्पट. घरातली उपकरणं साधारणपणे अडीच हजार व्होल्टचा क्षणिक फटका सोसतील अशी बनवतात, तेव्हा चकतीने ७१० वर लाट थोपवली तर टीव्हीला त्याचा पत्ताही लागत नाही.

पण चकती झिजते. प्रत्येक मोठ्या लाटेत काही सांधे कायमचे बिघडतात, गळती वाढते, चकती एरवीही कोमट राहू लागते आणि एक दिवस वितळते. म्हणून चांगल्या स्पाईक गार्डमध्ये तिला चिकटून थर्मल फ्यूज, म्हणजे तापला की तुटणारा फ्यूज, असतो आणि 'प्रोटेक्टेड' असं लिहिलेला एक दिवा असतो. तो दिवा विझला, म्हणजे चकती संपली, तरी खालची सॉकेटं चालूच राहतात, म्हणून कुणी तिकडे बघत नाही. बाजारात 'स्पाईक गार्ड' म्हणून मिळणाऱ्या काही पट्ट्यांत तर लाल बटण आणि सॉकेटं सोडून काहीच नसतं. मी दोन उघडल्या, एकीत चकतीची जागा छापलेली होती, चकती नव्हती.

हे सगळं खरं असेल, तर माझा टीव्ही का आंधळा झाला? स्पाईक गार्ड तर होता. उघडून पाहिला, चकती ठणठणीत होती.

लाट विजेच्या वायरीतून आलीच नव्हती. ती छपरावरच्या डिशमधून, काळ्या केबलने सेट-टॉप बॉक्समध्ये उतरली, तिथून एचडीएमआयच्या तारेने टीव्हीत शिरली आणि टीव्हीच्या प्लगमधून घराच्या वायरिंगला जाऊन मिळाली. वाटेत सगळ्यात नाजूक वस्तू म्हणजे तो पोर्ट. पाच व्होल्टांवर काम करणारी चिप ती, हजारांचा फटका काय सोसणार? माझी चकती फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये पहारा देत होती आणि चोर कौलांतून उतरला.

लोकांना वाटतं, यंत्र जळतं ते व्होल्टेज 'जास्त' झाल्याने. तसं नाही. ते जळतं दोन तारांमधल्या फरकाने. ३३ हजार व्होल्टच्या तारेवर कावळा आरामात बसतो, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात. वीज जवळ पडली की घराखालची जमीनसुद्धा क्षणभर हजारो व्होल्टवर जाते. त्याला इलाज नाही. इलाज एवढाच, की घरात शिरणारी प्रत्येक धातूची तार, म्हणजे वीज, डिश, टेलिफोन, इन्व्हर्टरच्या सोलर पॅनेलची, एका जागी आणून त्याच एका अर्थिंगला बांधायची. काही सरळ, काही एमओव्हीसारख्या झडपेतून. मग सगळ्या एकदम वर जातील, एकदम खाली येतील, आणि टीव्ही कावळ्यासारखा बसून राहील. डिशच्या दांड्याला वेगळी सळी ठोकून वेगळं अर्थिंग देणारे भेटतात. दोन अर्थिंगं आपसात जोडली नाहीत, तर तो प्रकार उलट अंगाशी येतो.

आणि अर्थिंगबद्दल बोलायचं तर आपण बसलोय चिऱ्याच्या डोंगरावर. चिरा म्हणजे जांभा दगड, वीज वाहून नेण्यात अगदीच कंजूष. ओहम जितके कमी तितकं अर्थिंग चांगलं. ओलसर चिकणमातीची रोधकता १०० ओहम-मीटर धरली, तर तीन मीटरच्या एका सळीला तेहेतीसेक ओहमचं अर्थिंग मिळतं. सुका चिरा १००० ओहम-मीटर धरा, तीच सळी ३३० च्या वर जाते. गोव्यात गडगडाट सगळ्यात जास्त कधी? मे महिन्यात आणि मग दसऱ्याच्या आगेमागे. भर जुलैत पाऊस धो धो असतो, पण विजा त्या मानाने कमी. म्हणजे मे महिन्यात, जमीन सर्वांत कोरडी आणि अर्थिंग सर्वांत निकामी असतानाच वीज येते. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची जुन्या लोकांची सवय अगदी शास्त्रशुद्ध आहे.

जुन्या लोकांच्या सगळ्याच सवयी तशा नाहीत. आमची आजी गडगडायला लागलं की अंगणात कोयता फेकायची, लोखंड वीज ओढून घेईल म्हणून. दोन-तीन किलोमीटर खाली येणाऱ्या ठिणगीला जमिनीवर आडवा पडलेला कोयता दिसतही नाही. तिला मागचा माड दिसतो. ते एकवेळ निरुपद्रवी. पण पायाळू माणसावर वीज पडते या समजुतीपायी माझ्या एका मावसभावाला लहानपणी अख्खा वळीव खाटेखाली काढायला लावत. आईच्या पोटातून आधी डोकं आलं की पाय, याची नोंद ढगात कुणी ठेवत नाही. नव्या अंधश्रद्धा मात्र महाग असतात. गच्चीवर बसवलं की 'शंभर मीटरची वीज आधीच पकडतं' म्हणून विकलं जाणारं टोकदार यंत्र त्यातलंच. साध्या तांब्याच्या सळीपेक्षा ते अधिक काही करतं, हे सिद्ध झालेलं नाही.

डीबीत बसवायची मोठी झडप मिळते, तिला एसपीडी म्हणतात. आत त्याच जातीची चकती, फक्त थोराड. ती बसवताना एक चूक सर्रास होते. वायरमन ती कोपऱ्यात नीटनेटकी बसवतो आणि तिच्यापर्यंत लांब, छान वळवलेल्या वायरी नेतो. एक मीटर सरळ वायरीत साधारण एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स, म्हणजे करंटच्या बदलाला विरोध करायचा गुण, असतं. पन्नास हर्ट्झला त्याचं काहीच वाटत नाही. पण मायक्रोसेकंदाला १००० अँपिअर या वेगाने करंट चढायला लागला, की त्या एका मीटरवरच १००० व्होल्ट उभे राहतात. चकतीने ७१० वर थोपवलं आणि वायरीने हजार वाढवले! म्हणून एसपीडीच्या जाण्या-येण्याच्या वायरी मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवायच्या असतात, आणि सरळ. दिसायला ओबडधोबड दिसलं तरी चालेल.

पावसाळ्यातला दुसरा शत्रू वेगळाच आहे. वाऱ्याने फणसाची फांदी लाईनवर पडते, न्यूट्रल तुटतो आणि एखाद्या फेजवर २३० चे चारशेच्या आसपास जातात, तेही मिनिटन् मिनिटं. इथे एमओव्ही काही कामाचा नाही. तो मायक्रोसेकंदांचा गडी, काही सेकंदांतच जळून धूर करेल. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेजचा वेगळा कटऑफ लागतो. हा मात्र विजेच्या लाटेला फार मंद. दोन्ही लागतात, एकाचं काम दुसरा करत नाही.

सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे प्लग उपटणं. बटण बंद करून भागत नाही, कारण आपलं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. शिवाय बटणातली तीनेक मिलिमीटरची फट दहा हजार व्होल्ट सहज उडी मारून पार करतात. प्लगबरोबर डिशची केबलही काढायची. हे ढग जमायला लागले की करायचं. डोक्यावर कडकडाट सुरू झाल्यावर तारांना हात लावायचा नाही. लखलखाट आणि आवाज यांच्यामधले सेकंद मोजा, तीनने भागा, किलोमीटर मिळतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर तुम्ही टप्प्यात आहात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आजूबाजूला पडणाऱ्या विजा दाखवतं, तेही उपयोगी आहे.

मी सध्या डिश काढून टाकली आहे आणि फायबर घेतलाय. काचेच्या धाग्यातून वीज येत नाही, म्हणून निर्धास्त होतो. परवा खांबापासून घरापर्यंत आलेली ती काळी केबल नीट पाहिली, तर ताणासाठी तिच्या अंगाला एक पोलादी तार चिकटवलेली आहे आणि जोडणारा पोरगा ती भिंतीतून थेट आत, मोडेमच्या शेजारच्या खिळ्यापर्यंत घेऊन आलाय. ती बाहेरच्या हुकापाशीच कापायला त्याला बोलवायचंय.