मायक्रोवेव्ह ओव्हन : चालतो पण तापवत नाही हा बिघाड

मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये आतला दिवा लागतो, काचेची थाळी फिरते, पंख्याचा आवाज येतो, आकडे उलटे मोजले जातात, वेळ संपल्यावर टुणटुण वाजते आणि दार उघडावे तर दूध होते तसेच गार. या ओव्हनच्या दुरुस्तीत हा बिघाड वारंवार भेटतो. सगळे चालू दिसत असल्यामुळे घरातली माणसे वेळ वाढवून दोन-तीनदा लावून बघतात. पण दिवा, थाळीची मोटर आणि पंखा घरातल्या २३० व्होल्टच्या विजेवर चालतात, तर अन्न तापवणारी यंत्रणा स्वतंत्र आहे. तिला हजारो व्होल्ट लागतात. म्हणून एक बाजू बंद पडली तरी दुसरी खुशाल चालत राहते.

अन्न तापवण्याचे काम मॅग्नेट्रॉन नावाची निर्वात नळी करते. ती २,४५० मेगाहर्ट्झ वारंवारतेचे सूक्ष्मतरंग सोडते आणि त्यांची ऊर्जा मुख्यतः अन्नातले पाणी शोषून घेते. पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन १९४० मध्ये बर्मिंगहॅम येथे जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी रडारसाठी घडवला. अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीचे पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ मध्ये त्याचा उपयोग अन्न शिजवण्याकडे वळवला. घरगुती ओव्हनमध्ये जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे साधारण २,००० व्होल्ट करतो. पुढे एक कपॅसिटर (विजेचा भार साठवणारा भाग) आणि एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) मिळून ते जवळपास दुप्पट करतात आणि मॅग्नेट्रॉनच्या कॅथोडला, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला, उणे ४,००० व्होल्टच्या आसपास दाब मिळतो. मॅग्नेट्रॉनमधले फिलामेंट (कॅथोडची तार) तापवायला त्याच ट्रान्सफॉर्मरवर तीन-साडेतीन व्होल्टचे वेगळे वेटोळे असते. या साखळीतली एक कडी तुटली तरी पाणी गारच राहते.

बिघाड शोधताना आधी झाकणाला हात न लावता बघावे. कन्व्हेक्शन आणि ग्रिल असलेल्या मॉडेलमध्ये चुकून भलताच मोड निवडलेला असतो, किंवा पॉवर अगदी कमी ठेवलेली असते. कमी पॉवरवर मॅग्नेट्रॉन काही सेकंद चालतो आणि बराच वेळ थांबतो. काही मॉडेलमध्ये दुकानात मांडून दाखवण्यासाठी डेमो मोड असतो. त्यात सगळे हलते, उष्णता मात्र मुद्दामच बंद असते. नवा ओव्हन पहिल्याच दिवशी तापवत नसेल तर हा मोड आधी तपासावा. वीज कमी दाबाने येत असेल तरी ओव्हन तापवण्यात मंदावतो. ग्रामीण महाराष्ट्रात उन्हाळ्याच्या संध्याकाळी हा अनुभव नवा नाही, आणि तेव्हा दोष यंत्राचा नसतो.

खात्री करायला पाण्यासारखे दुसरे साधन नाही. एक लिटर पाणी मायक्रोवेव्हला चालणाऱ्या भांड्यात घेऊन तापमान नोंदवावे, पूर्ण पॉवरवर एक मिनिट ठेवावे, ढवळून पुन्हा मोजावे. जितके अंश सेल्सिअस वाढले त्याला ७० ने गुणले की वॅटमध्ये अंदाजे शक्ती मिळते : १० अंश वाढले तर ७०० वॅट. तापमान तसूभरही हलले नाही तर मॅग्नेट्रॉन चालतच नाही. थोडे वाढले तर तो थकला आहे किंवा त्याला पुरेसा दाब मिळत नाही. ‘गरम होत नाही’ आणि ‘कमी गरम होतो’ या दोन तक्रारी वेगळ्या ठेवल्या की मेकॅनिकचे अर्धे काम सोपे होते.

त्यानंतर कान द्यावा. चांगला ओव्हन सुरू केल्यावर क्षणभरात पंख्याच्या आवाजाखाली एक जाडसर गुणगुण सुरू होते; ती ट्रान्सफॉर्मरची. ती मुळीच आली नाही तर ट्रान्सफॉर्मरपर्यंत वीज पोचत नाही असे समजावे : कंट्रोल बोर्डवरचा रिले (विजेवर चालणारा स्विच), मॅग्नेट्रॉनजवळचा थर्मल कटआउट (फार तापल्यावर वीज तोडणारा भाग) किंवा दाराचा मायक्रोस्विच (दार लागल्यावर दाबला जाणारा छोटा स्विच) यांपैकी काहीतरी गेले आहे. उलट नेहमीपेक्षा मोठ्याने घोगरा आवाज आला आणि आतला दिवा किंचित मंदावला, तर डायोड, कपॅसिटर किंवा मॅग्नेट्रॉन शॉर्ट झाला असण्याची शक्यता मोठी. आवाज नेहमीसारखाच आणि पाणी गार, असे असेल तर मॅग्नेट्रॉनचे फिलामेंट किंवा त्याची जोडणी, डायोड, आणि जिथे असेल तिथे उच्चदाबाचा फ्यूज यांच्याकडे वळावे.

दार अडकवणाऱ्या आकड्यांमागे साधारणपणे तीन मायक्रोस्विच असतात. दार हळू लावले की त्यांचे टक्-टक् ऐकू येते. दार आपटायची सवय असलेल्या घरात आकडा झिजतो, स्विच पुरता दाबला जात नाही किंवा त्याचे संपर्क काळे पडतात. काही रचनांत अशा वेळी दिवा आणि थाळी चालतात, फक्त ट्रान्सफॉर्मरची वाट बंद होते. हे स्विच तारेने जोडून ‘काम चालवणे’ हा गुन्हा मानावा इतका धोकादायक प्रकार आहे, कारण मग दार उघडे असतानाही तरंग सुटू शकतात.

झाकणाच्या आतले काम घरच्या माणसाचे नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार शिल्लक असू शकतो. त्याच्या पोटात तो भार उतरवणारा रोधक असतो, पण तोच तुटलेला असला तर बाहेरून काहीही कळत नाही. जाणकार मेकॅनिक आधी प्लग काढून, कपॅसिटरची दोन टोके आणि मग प्रत्येक टोक व बॉडी हे इन्सुलेटेड साधनाने जोडून भार उतरवतो, तेव्हाच हात घालतो. उच्चदाबाच्या बाजूला चालू ओव्हनमध्ये साधा मल्टीमीटर (व्होल्ट, रोध मोजणारे साधन) कधीच लावायचा नसतो; तो एवढ्या व्होल्टेजसाठी बनलेलाच नाही.

बंद अवस्थेत मॅग्नेट्रॉनच्या फिलामेंटच्या दोन पिनांमध्ये एक ओहमपेक्षा कमी रोध दिसावा, आणि पिन व बॉडी यांच्यात काहीच जोड दिसू नये. कित्येकदा मॅग्नेट्रॉन ठणठणीत असतो आणि पिनेवरची चपटी क्लिप सैल होऊन तपकिरी-काळी पडलेली असते. फिलामेंटमधून सुमारे दहा अँपिअरचा प्रवाह वाहतो, त्यामुळे जरासा सैलपणाही तिला जाळतो. ही क्लिप न बघता मॅग्नेट्रॉन बदलणे म्हणजे ग्राहकाचे पैसे वाया घालवणे. नळीवरच्या दोन गोल चुंबकांपैकी एखाद्याला तडा गेला असला तरी शक्ती घटते. डायोड तपासताना नवशिके हमखास फसतात : त्यात अनेक डायोड-जोड (जंक्शन) एकापुढे एक असल्याने मल्टीमीटरची छोटी बॅटरी पुरत नाही आणि चांगला डायोडही तुटलेला भासतो. त्यासाठी ९ व्होल्टची बॅटरी मालेत जोडून बघतात.

इन्व्हर्टर ओव्हनमध्ये जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. तिथे गुणगुणीवरून फारसे ठरवता येत नाही आणि बहुधा अख्खा बोर्ड बदलावा लागतो.

दुरुस्तीनंतर दाराभोवतीची गळतीही मापकाने मोजावी. दारापासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट ही तिची मान्य मर्यादा आहे.