स्टेडियम झालं की गावात पैसा येतो का?

आयपीएल सुरू झाली की जळगाव-धुळ्याच्या चहाच्या टपऱ्यांवर एक विषय हमखास निघतो: असं स्टेडियम आपल्याकडे का नाही? सरकारने एकदा बांधून दिलं की हॉटेलं चालतील, रिक्षा चालतील, पोरांना कामं मिळतील. आपल्या भागातही मोठा खेळ यावा ही इच्छा मलाही मनापासून पटते. पण ‘पैसा येईल’ हा दावा तपासता येतो. अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी तो तीसहून अधिक वर्षं तपासला आहे.

१९५३ साली मिलवॉकीने सार्वजनिक पैशातून स्टेडियम उभं केलं आणि बॉस्टनचा बेसबॉल संघ तिकडे गेला. त्यानंतर ‘स्टेडियम द्या, नाहीतर आम्ही निघालो’ ही मागणी नेहमीची झाली. ती चालते, कारण संघ किती असावेत हे लीग ठरवते आणि संघ हवा असलेली शहरं त्याहून नेहमी जास्त असतात. बफलोच्या फुटबॉल संघाच्या नव्या स्टेडियमसाठी २०२२ साली न्यूयॉर्क राज्याने ६० कोटी आणि काउंटीने (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) २५ कोटी डॉलर द्यायचं ठरवलं. संघ मात्र खाजगी मालकीचा.

या खर्चातून शहराला काय मिळतं? रॉजर नोल आणि अँड्र्यू झिम्बलिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ साली अनेक स्टेडियमांचे हिशेब मांडले. गुंतवणुकीच्या मानाने समाधानकारक परतावा देणारं एकही स्टेडियम त्यांना सापडलं नाही. २०१७ साली शिकागो विद्यापीठाने नामवंत अर्थशास्त्रज्ञांना विचारलं, तेव्हा अशा अनुदानाचा करदात्यांवरचा बोजा फायद्यापेक्षा जास्तच असण्याची शक्यता आहे, हे ८० टक्क्यांहून अधिक जणांनी मान्य केलं. अर्थशास्त्रज्ञांचं इतकं एकमत क्वचितच होतं.

असं का होतं, हे धुळ्याच्या माणसाला लवकर कळेल. पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत, म्हणजे शेतीचे गट पाडून पाणी वाटण्याच्या जुन्या पद्धतीत, एका फडाकडे पाणी वळवलं की दुसऱ्याकडचं तेवढं कमी होतं. नदीचं पाणी काही वाढत नाही. घरखर्चातला करमणुकीचा पैसाही तसाच. समजा, जळगावच्या एका कुटुंबाने चार तिकिटांवर चार हजार रुपये घातले. ते कुठून तरी कमी होणारच: त्या महिन्याचं बाहेरचं जेवण राहिलं किंवा फुले मार्केटमधली कपडे खरेदी पुढे ढकलली गेली. सामन्याच्या दिवशी स्टेडियमबाहेरची गर्दी सगळ्यांना दिसते. ज्या दुकानाचा गल्ला त्या दिवशी हलका राहिला, त्याची मोजणी कोणी करत नाही.

त्यापुढचा प्रश्न, तो पैसा नंतर कुठे जातो? कापड दुकानदार जळगावातच राहतो. त्याच्या गल्ल्यातून कामगाराचा पगार, मुलांची फी आणि किराणा याच गावात भागतो. तिकिटाचा मोठा हिस्सा मात्र संघमालकाकडे आणि तिथून खेळाडूंकडे जातो, आणि ते राहतात दुसरीकडे. गावात फिरणारा पैसा गावाबाहेर गेला, तर गावाचं उत्पन्न उलट घटूही शकतं. बांधकामाआधी काढलेल्या अहवालांत ‘एका रुपयाचे दोन रुपये होतील’ असे आकडे असतात, तेव्हा ही गळती नीट धरलेली आहे का ते आधी पाहावं. शहर जितकं लहान, तितकी गळती मोठी.

याची एक सुंदर परीक्षा आपोआप घडून आली. १९८१ आणि १९९४ साली अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंनी संप केला. १९९४ मध्ये तर अंतिम मालिकाच रद्द झाली. खेळामुळे शहरं कमावत असतील, तर संपात त्यांचं उत्पन्न खाली यायला हवं होतं. डेनिस कोट्स आणि ब्रॅड हम्फ्रीज या अर्थशास्त्रज्ञांनी असे संप आणि त्या शहरांचं उत्पन्न ताडून पाहिलं. घट दिसली नाही. लोकांनी पैसा दुसरीकडे खर्च केला होता.

मग गर्दीने कधीच पैसा येत नाही का? येतो, त्यासाठी माणसं बाहेरची आणि विकणारे इथले हवेत. दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेशातून घोडेवाले येतात, मुक्काम करतात, चारा आणि शिधा इथेच घेतात. स्टेडियमला येणारे बहुतेक लोक आसपासचेच असतील. नंदुरबारचा माणूस जळगावला जाऊन खर्च करून आला, तर नंदुरबारचा गल्ला जळगावात गेला, एवढंच. खान्देशाच्या हाती नवं काही पडलं नाही. त्यात आयपीएलच्या साखळीत एका संघाचे घरचे सामने असतात साधारण सात. वर्षातले बाकीचे दिवस गवत, दिवे आणि राखण यांचा खर्च चालूच.

भारतात चेकने दिलेलं अनुदान कमी दिसतं, कारण बरीच मैदानं क्रिकेट संघटना बांधतात. सार्वजनिक मदत जमीन, रस्ते, पोलीस आणि पाण्याच्या रूपात जाते. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले, तेव्हा मैदानाला लागणारं पाणी चर्चेत आलं. खान्देशातल्या कितीतरी गावांत उन्हाळ्यात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि आयपीएल असते त्याच उन्हाळ्यात. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले आहेत. अशा धंद्याने आपलं मैदान आपल्या पैशाने उभारावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

अभिमानाची किंमत आहेच, आणि तीही मोजता येते. पिट्सबर्गमध्ये आइस हॉकीचा संघ शहरात राहावा यासाठी लोक किती द्यायला तयार आहेत, हे संशोधकांनी विचारलं. बेरीज नव्या बंदिस्त मैदानाच्या खर्चापेक्षा कमीच भरली.

याउलट रोज वापरातलं मैदान पाहा. पहाटे पाचला कॉलेजच्या ग्राउंडवर पोलीस भरतीची पोरं-पोरी पळत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, मग गोळाफेक. फक्कीची रेघ पुसलेली, वळणावर खडी वर आलेली, मोबाईलच्या उजेडात कोणीतरी वेळ घेतंय. मुलींसाठी स्वच्छतागृह असलं तर नशीब. इथे घातलेला रुपया वर्षभर इथल्याच पोरांच्या कामी येतो, आणि तो घालायला दुसरा कोणी मालक पुढे येणार नाही. सरकारने पैसा घालावा तो इथे.

तरीही उद्या मोठ्या स्टेडियमचा प्रस्ताव आलाच, तर बांधकामाच्या आकड्याबरोबर देखभालीची रक्कम, ती कोण भरणार याचं नाव, आणि कर्ज फिटायची तारीख लेखी मागा. अमेरिकेतल्या सिएटलचं किंगडोम हे स्टेडियम २००० साली सुरुंग लावून पाडलं. त्याचं कर्ज लोक २०१५ पर्यंत फेडत होते.