डोळ्याचा आकडा कानाने ठरवला

दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले, तेव्हा त्यांच्यापुढे अडचण होती ती पैशांची. हलतं चित्र काढता येतं हे मुंबईतल्या पैसेवाल्यांना पटवायचं कसं? त्यांनी वाटाणा पेरला. कॅमेरा त्याच्यासमोर रोखून ठेवला आणि थांबून थांबून एकेक फ्रेम टिपत राहिले. नंतर फीत सलग चालवली, तर पडद्यावर कोंबाने मातीतून डोकं वर काढलं, पानं फुटली आणि पाहता पाहता वेल वाढला. ही करामत पाहून भांडवल घालणारा माणूस मिळाला आणि पुढच्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ आला. आपल्याकडच्या चित्रपटधंद्याला पहिलं तारण वाटाण्याने दिलं, असं म्हणायला हरकत नाही. पुढे १९१५ मध्ये फाळक्यांनी आगपेटीतल्या काड्या घेऊन असाच खेळ केला. काडी जराशी सरकवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा सरकवायची. नाव होतं ‘आगकाड्यांची मौज’. ज्याला आज स्टॉप मोशन म्हणतात ते हेच.

दोन फ्रेमच्या मधल्या वेळात तो वाटाणा काय करत होता, हे कॅमेऱ्याने पाहिलेलंच नव्हतं. ते पाहणाऱ्यांनी भरून काढलं. कसं, याचं उत्तर आपल्याला शाळेत एका शब्दात मिळतं: दृष्टिसातत्य. डोळ्यात चित्र क्षणभर रेंगाळतं, त्यात पुढचं येऊन मिसळतं, म्हणून हालचाल दिसते. मीही हे घोकून मार्क मिळवलेत. पण चित्रं नुसती एकमेकांत मिसळली असती तर गिचमीड दिसली असती. योगायोग पाहा, त्याच १९१२ साली जर्मनीत माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. दोन वेगळ्या जागी दोन रेघा ठरावीक अंतराने एकीमागून एक दाखवल्या, की माणसाला एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसते. म्हणजे हालचाल मेंदू तयार करतो. दृष्टिसातत्याच्या वाट्याला येतं ते लुकलुक झाकण्याचं काम, आणि त्यासाठीही फितीचा प्रोजेक्टर एकच फ्रेम दोनदा किंवा तीनदा उजळून दाखवतो.

मेंदूला हालचाल पटायला फार चित्रं लागत नाहीत. सेकंदाला दहा-बारा पुरतात. हाताने चित्रं काढणारे ॲनिमेटर हे बरोबर ओळखून आहेत. एक चित्र काढायचं आणि ते दोन फ्रेमना वापरायचं, म्हणजे २४ फ्रेमच्या सेकंदाला १२ चित्रं. तरीही दीड तासाच्या चित्रपटाला ६४,८०० चित्रं होतात, आणि प्रत्येकातली पात्रं वेगळी धरली तर त्याहून किती तरी जास्त. म्हणून स्टुडिओत कामाची वाटणी असते. मुख्य ॲनिमेटर महत्त्वाच्या क्षणांची चित्रं काढतो, त्यांना की-फ्रेम म्हणतात. मधली चित्रं साहाय्यक भरतात. आता हे भरण्याचं काम बरंचसं कॉम्प्युटर करतो, पण कसब आहे ते चित्रांमधल्या अंतरात. टप्पा घेणारा चेंडू घ्या. तो वर पोचला की मंदावतो, म्हणून तिथली चित्रं एकमेकांना खेटून काढायची. खाली येताना वेग वाढतो, म्हणून अंतर वाढवत न्यायचं. सगळी अंतरं सारखी ठेवून पाहा. चेंडू गोल असेल, रंग झकास असेल, पण तो दोरीला बांधून ओढल्यासारखा वाटेल. वजन रेषेत नसतं, अंतरात असतं. नवशिके हेच विसरतात आणि महिनाभर चेंडूवर छाया रंगवत बसतात.

असो. बारा पुरत असतील, तर २४ कुठून आले?

मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे. सेकंदाला १६ फ्रेम, कधी १८, कधी २०, कॅमेरामनच्या हाताला जे वळण असेल ते. प्रोजेक्टरवालाही घाईत असला तर भराभर चालवायचा. माणसं जरा तुरुतुरु चालायची, प्रेक्षक हसायचे, एवढंच. डोळा या बाबतीत उदार आहे. कान अजिबात नाही. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात बोलपट आले, आवाज चित्राच्या सोबत धावू लागला, आणि हाताचं वळण एकदम निरुपयोगी झालं. आवाजाचा वेग सहा टक्क्यांनी वाढला, की सूर पेटीवरची एक पट्टी वर चढतो. वेग खालीवर झाला तर गाणारा डगमगतो, आणि हे न शिकलेल्या कानालाही कळतं. शिवाय फितीच्याच कडेला आवाज उमटवायचा, तर ती पुरेशी जोरात पळायला हवी. नाहीतर बारीक, तीव्र ध्वनी एकमेकांवर चढून पुसले जातात. दुसऱ्या बाजूला कच्च्या फितीचा खर्च. १६ वरून २४ वर जायचं म्हणजे फीत दीडपट. या ओढाताणीत तडजोड झाली ती २४ वर: मिनिटाला ९० फूट फीत. सिनेमाचा म्हणून जो आकडा आपण ओळखतो, तो असा आवाजासाठी ठरला. डोळ्याला कुणी विचारलं नाही.

त्या आकड्याशी आपली एक घरगुती ओळखही आहे. भारतातल्या टीव्हीची ‘पाल’ (PAL) नावाची पद्धत सेकंदाला २५ चित्रांची. अशा ठिकाणी २४ चा चित्रपट दाखवायची रूढ युक्ती म्हणजे तो सरळ २५ च्या वेगाने पळवणं. अडीच तासांचा चित्रपट सहा मिनिटं आधी संपतो आणि त्यातली सगळी गाणी पाऊण पट्टी चढी वाजतात. शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनपुढे मांडी घालून बसलेल्या पिढीतल्या कुणाला ‘हे गाणं रेडिओवर वेगळं लागतं’ असं वाटलं असेल, तर त्याचा कान ठीक होता.

आता दुसरा आकडा. माइकमध्ये एक पातळ पडदा असतो. आवाजाच्या लाटेने तो थरथरतो, त्या थरथरीची वीज होते, आणि डिजिटल रेकॉर्डिंग म्हणजे या विजेचं माप ठरावीक वेळाने घेऊन लिहून ठेवणं. सीडीवर हे माप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेलं असतं आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवलेलं असतं. ऐकून वाटतं की हाही फसवाफसवीचाच प्रकार, तुकडे करून मधलं कानाने भरायचं. इथे मात्र गोष्ट वेगळी आहे. हॅरी नायक्विस्ट या इंजिनिअरच्या १९२८ च्या आणि क्लॉड शॅनन या गणितज्ञाच्या १९४९ च्या कामातून जे सूत्र हाती आलं ते असं: आवाजात सेकंदाला जितकी जास्तीत जास्त कंपनं असतील, त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मापं घेतली, तर मूळ लाट त्या मापांवरून जशीच्या तशी परत उभी करता येते. मधली जागा अंदाजाने भरावी लागत नाही. माणसाचा कान सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, तेही तरुणपणी. म्हणजे ४०,००० च्या थोडं वर पुरे. डिजिटल आवाज ‘पायऱ्यापायऱ्यांचा’ असतो म्हणून तो रुक्ष, असं सांगणारे भेटतात. त्यांना रेकॉर्ड प्लेअर आवडत असेल तर तो जरूर आवडू दे, पण हे कारण बरोबर नाही.

दुपटीचा नियम मोडला की काय होतं, ते आपण डोळ्यांनी पाहिलेलं आहे. चित्रपटात टांगा भरधाव निघाला की त्याची चाकं उलटी फिरू लागतात ना? बारा आऱ्यांचं चाक सेकंदाला दोन फेरे घेत असेल, तर २४ पैकी प्रत्येक फ्रेममध्ये एक आरा नेमका पुढच्या आऱ्याच्या जागी येतो आणि चाक थिजल्यासारखं दिसतं. वेग किंचित कमी असला तर उलटं. आवाजाचंही तसंच. ४४,१०० च्या मापाने ३०,००० कंपनांचा ध्वनी टिपायला गेलं तर तो १४,१०० चा होऊन हजर होतो, मुळात नसलेली एक शिट्टी. म्हणून माप घेण्याआधीच न ऐकू येणारे तीव्र ध्वनी गाळून टाकतात. डोळ्याला चाक उलटं दिसलं तर गंमत वाटते. कानाला अशी सवलत नाही, हे पुन्हा आलंच.

४०,००० च्या थोडं वर म्हटल्यावर नेमके ४४,१०० च का? सीडी बाजारात आली १९८२ मध्ये. त्याआधी डिजिटल आवाज साठवायचा तर एवढी माहिती सामावणारं हाताशी असलेलं एकच साधन होतं, व्हिडिओ कॅसेट. मग आवाजाची मापं काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात टीव्हीच्या चित्रासारखी टेपवर उमटवायचे. अमेरिका-जपानच्या पद्धतीत सेकंदाला ६० अर्धचित्रं (एकाआड एक ओळींची) आणि दर अर्धचित्रात वापरण्याजोग्या २४५ ओळी. युरोपच्या पद्धतीत ५० अर्धचित्रं, २९४ ओळी. दर ओळीत तीन मापं बसवली, की दोन्हीकडे गुणाकार एकच येतो: ४४,१००. पाढे पाठ असलेल्या कुणा इंजिनिअरला हे जमल्यावर काय आनंद झाला असेल! थोडक्यात, सिनेमाचा आकडा आवाजाने ठरवला आणि आवाजाचा आकडा चित्राच्या टेपने. फिट्टंफाट.

फाईलींचे प्रकार याच धाग्यातले, फक्त तिथे प्रश्न ‘किती टिपायचं’ याऐवजी ‘किती टाकून द्यायचं’ असा होतो. सीडीच्या दर्जाचा मिनिटभर आवाज सुमारे १० एमबी घेतो. एमपी३ मध्ये तेच काम एका एमबीत उरकतं, कारण ढोल-ताशांच्या पथकाशेजारी उभं राहिल्यावर मित्राचं बोलणं जसं ऐकू येत नाही, तसे मोठ्या आवाजाखाली दबणारे बारीक आवाज ती पद्धत लिहीतच नाही. व्हिडिओत डोळ्याचा स्वभाव वापरतात. उजेडातला बारीक फरक आपल्याला लगेच कळतो, रंगातला नाही, म्हणून रंगाची माहिती चौथाईवर आणतात. आणि पूर्ण चित्र अधूनमधूनच ठेवतात, बाकी नुसते बदल. त्या पूर्ण चित्रांनाही की-फ्रेमच म्हणतात. नेट अडखळलं की नव्या प्रसंगावर मागच्या प्रसंगातला चेहरा चिकटून वितळताना दिसतो, तेव्हा एक की-फ्रेम वाटेत हरवलेली असते. एमपी४ हे मात्र भाजीचं नाव नव्हे, डब्याचं. आत चित्र कुठल्या पद्धतीने आवळलंय ते झाकणावरून कळत नाही, म्हणून एखाद्या जुन्या फोनवर आवाज येतो आणि चित्र येत नाही. जिफ मूळची १९८७ ची, २५६ रंगांची आणि मुकी. व्हॉट्सॲपवर जिफ म्हणून जे नाचतं ते बहुधा आवाज काढून टाकलेलं एमपी४ असतं.

या दोन आकड्यांचं आपसात जमत नाही, हे मी कामात अडकूनच शिकलो. ४४,१०० ला २४ ने भागा: दर फ्रेमला १८३७.५ मापं. अर्धं माप कुठे ठेवणार? म्हणून चित्रासोबतच्या आवाजासाठी ४८,००० हा आकडा चालतो. त्याला २४, २५, ३० सगळ्यांनी पूर्ण भाग जातो. एका मैत्रिणीच्या लघुपटासाठी आम्ही घरीच अभंग रेकॉर्ड केला. खिडकीला गोधड्या लावल्या, पंखा बंद केला, माइक गाणाऱ्या बाईंपासून वीतभर अंतरावर. झालं छान. पण रेकॉर्डिंग होतं ४४,१०० वर, लघुपट ४८,००० वर, आणि माझ्या हातून फाईलची ओळख चुकीची लागली. मशीन ४४,१०० ची मापं ४८,००० च्या वेगाने वाचत होतं. मला तर काहीच खटकलं नाही, उलट अभंग जरा उत्साही वाटला. बाईंनी दोन ओळी ऐकल्या आणि हेडफोन काढून ठेवला. “अहो, मी काळी एकमध्ये गायले होते. हा सूर कुठला?” पेटी काढली, पांढरी दोन दाबली, काळी दोन दाबली. अभंग त्या दोघींच्या मधे होता, जिथे पेटीवर पट्टीच नाही.