वरचा डोंगर पेलतो कोण?

जमिनीखाली 400 मीटरवर, कोळशाच्या खाणीत 5 मीटर रुंदीचा बोगदा खणला, तर त्याच्या दर मीटर लांबीच्या माथ्यावर सुमारे 5,000 टन खडक असतो. एवढे ओझे पेलेल अशी पोलादी कमान व्यवहारात बसवता येत नाही. सुदैवाने तिची गरजही नसते. बोगदा खणताच वरचा बहुतेक भार दोन्ही बाजूंच्या कोळशाकडे वळतो. सांभाळायचा उरतो तो छतालगतचा, सैल झालेला खडक.

हे छत पुष्कळदा शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला खडक) आणि वालुकाश्माच्या पातळ थरांचे असते. थर सुटे असले की वहीच्या पानांसारखे एकमेकांवरून सरकत वाकतात. म्हणून छतात भोके पाडून साधारण दोन मीटर लांबीचे पोलादी बोल्ट रेझिनने, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट द्रव्याने, पक्के बसवतात. त्यांनी सुटे थर जखडले की ते एका जाड तुळईसारखे वागतात. तुळईचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे सारख्या जाडीच्या चार सुट्या थरांचा एकत्रित ताठपणा 4 मानला, तर ते एकजीव झाल्यावर तो 64 होतो. प्रत्यक्षात थर थोडे सरकतातच, तेव्हा सोळापट लाभ काही पदरात पडत नाही. तरी खाली टेकू देण्यापेक्षा खडकालाच कामाला लावणे केव्हाही शहाणपणाचे.

बाजूला वळलेला भार मात्र कुठे जात नाही. तो पेलतात बोगद्यांमध्ये न खणता सोडलेले कोळशाचे खांब. असे चौरस खांब 20 मीटरचे आणि मधले बोगदे 5 मीटरचे ठेवले, तर खांबांवरचा दाब मूळच्या दीडपटीहून जास्त होतो. दक्षिण आफ्रिकेतील कोलब्रुक खाणीत 21 जानेवारी 1960 रोजी खांब एकापाठोपाठ एक चिरडले गेले आणि 435 कामगार गाडले गेले. त्यानंतर सॅलमन आणि मन्रो या संशोधकांनी टिकलेल्या आणि कोसळलेल्या खांबांची तुलना करून 1967 मध्ये खांबाच्या ताकदीचे सूत्र मांडले. रुंदी वाढली की ताकद वाढते, उंची वाढली की घटते.

दाब आडवाही असतो, आणि कित्येकदा उभ्या दाबापेक्षा जास्त. बोगदा त्याला काटकोनात गेला तर छताचे कोपरे चुरडतात. समांतर ठेवला तर तोच खडक बराच शांत राहतो. दिशा नकाशावरच ठरवली तर तिला जादा खर्चही फारसा येत नाही.

एवढे करूनही छतात हालचाल मोजणारी साधने बसवावी लागतात. बोल्टच्या टोकाच्याही वर थर सुटू लागले, तर सगळे बोल्ट त्या खडकासकट खाली येऊ शकतात. तशी खूण दिसली की आणखी वरच्या भक्कम थरापर्यंत पोहोचणारे लांब केबल बोल्ट लावतात.