वारशाने आलेलं पाप

उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते गावात (आज ते अल्जीरियात आहे) सोळा वर्षांच्या एका पोराने मित्रांबरोबर शेजारच्या झाडाची नासपती चोरली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळं होती. चोरलेली बरीचशी डुकरांपुढे टाकली. हा पोरगा म्हणजे पुढे हिप्पोचा बिशप झालेला ऑगस्टीन. इ.स. ४०० च्या आसपास लिहिलेल्या आत्मकथनात तो या फळांवर पानंच्या पानं खर्च करतो. त्याला छळतं ते एवढंच, की काही मिळवायचं नव्हतं तर चोरलं का? उत्तर त्याला सापडतं, पण ते भयंकर आहे. वाईट करण्यातच गोडी होती. म्हणजे बिघाड हातात नाही, इच्छेतच आहे.

इच्छाच मुळात बिघडलेली असेल, तर ती बिघडवली कोणी? ऑगस्टीन आदामाकडे बोट दाखवतो. पहिल्या माणसाने आज्ञा मोडली आणि दोष साऱ्या वंशात उतरला, तान्ह्या बाळासकट. याला आधार म्हणून तो बायबलमधल्या, पौलाच्या रोमकरांस पत्रातलं एक वाक्य घेतो. ग्रीक मुळाचा सरळ अर्थ ‘कारण सर्वांनी पाप केलं’ असा लागतो. ऑगस्टीनच्या हातातल्या लॅटिन भाषांतरात मात्र ‘ज्याच्या ठायी सर्वांनी पाप केलं’ असं वाचता येत होतं, आणि त्याने ते तसंच वाचलं. ग्रीक वाचणाऱ्या पूर्वेकडच्या चर्चने आदामाकडून मृत्यूचा वारसा मानला, अपराधाचा नाही. एका शब्दयोगी अव्ययाने एवढं केलं, असं म्हणणं थोडं अन्यायाचं होईल, पण थोडंच.

याला विरोध केला तो ब्रिटनहून रोममध्ये आलेल्या पेलॅगिअसने. त्याचं म्हणणं रोखठोक होतं. देव आज्ञा देतो, म्हणजे ती पाळण्याची ताकद माणसात आहे. नाहीतर शिक्षा कशाची? आदामाने स्वतःचं वाटोळं केलं आणि वाईट धडा घालून दिला, बस्स. मला विचाराल तर वकील म्हणून पेलॅगिअस सरस आहे. पण न्यायसभा ऑगस्टीनची होती. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलॅगिअसची मतं धिक्कारली, ४३१ मध्ये इफिससच्या सभेनेही.

भांडण संपलं नाहीच. १५२४ मध्ये डच विद्वान इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली, तर पुढच्याच वर्षी प्रॉटेस्टंट बंडाचा पुढारी ल्यूथर याने इच्छा ही गुलाम आहे असं उत्तर दिलं. ट्रेंटच्या धर्मसभेने कॅथलिकांसाठी मधला मार्ग काढला : आदामाच्या पतनाने इच्छा दुबळी झाली, मेली नाही. मग देवाची कृपा किती आणि माणसाचं स्वातंत्र्य किती यावरून जेझुइट आणि डॉमिनिकन हे दोन कॅथलिक संघ एकमेकांवर तुटून पडले. १६०७ मध्ये पोपने निकाल न देताच वाद मिटवला.

नेमक्या त्या काळात एक इंग्रज जेझुइट गोव्यात साष्टीच्या लोकांसाठी ओव्या रचत होता. थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला. १६१६ मध्ये रायतूरला त्याचं ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापलं गेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. त्यात आदामाचं पतन मराठीत आलं. ऐकणाऱ्यांच्या कानावर ‘पाप’ हा शब्द आधीच होता, पण वेगळ्या हिशेबाचा. धर्मशास्त्रात पाप म्हणजे घडलेलं कृत्य. ते जाणता केलं की अजाणता, यावर प्रायश्चित्त ठरायचं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायाचं नावच प्रायश्चित्ताध्याय आहे. अपराधाची जी आतली टोचणी, तिला आपल्याकडे आजही नीट एकशब्दी नाव नाही. ‘अपराधगंड’ हा शब्द पुस्तकी, आणि आजारासारखा वाटतो.

म्हणून आपल्याकडे अभिमानाने सांगतात की आमच्यात पाप ज्याचं त्याने फेडायचं, बापाचं पोरावर येत नाही. सांगणाऱ्यांनी आळंदी आठवावी. परंपरा सांगते की विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, तरी ‘संन्याशाची पोरं’ वाळीतच राहिली आणि शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठण गाठावं लागलं. चोखामेळ्यांच्या नावावरच्या एका अभंगात आपला जन्म हे पूर्वीच्या कृष्णनिंदेचं फळ म्हटलं आहे. दुसऱ्या एकात अवघाच विटाळ असताना सोवळा कोण, असं विचारलं आहे. इथे आदाम बाहेरचा नाही. आपणच आपले आदाम, फक्त आठवत नाही.

टिळकांनी मंडालेत लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त या पेचाला अख्खं प्रकरण दिलं : ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’. शीर्षकात ‘इच्छास्वातंत्र्य’ नाही, यात मेख आहे. इच्छा मनाची, मन प्रकृतीचं, आणि प्रकृती कर्माने बांधलेली. तेव्हा स्वतंत्र असलाच तर आत्मा. युक्तिवाद सुबक आहे, मात्र ज्याला पाणवठ्यावर येऊ देत नाहीत त्याच्या आत्म्याच्या स्वातंत्र्याचं काय करायचं, ते त्यात सापडत नाही.

ते विचारलं बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये आलेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’मध्ये कर्मनियम आहे, पण मागच्या जन्मीचं कर्म आत्म्याबरोबर या जन्मात येतं, ही कल्पना त्यांनी बुद्धाची मानली नाही. गरिबांच्या आणि दीनांच्या हालांची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, याखेरीज त्या कल्पनेचा दुसरा हेतू त्यांना दिसत नव्हता.