ग्रंथालयाच्या तासाला आधी चुकू द्या

महाविद्यालयात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालय परिचयाचा एक तास असतो. पडद्यावर संशोधन-लेख शोधण्याचा डेटाबेस उघडलेला असतो आणि ग्रंथपाल एकेक टप्पा करून दाखवतात. शोध पहिल्याच फटक्यात जमतो, कारण तो आदल्या दिवशी करून पाहिलेला असतो. मुलं माना डोलावतात. महिन्याभराने प्रकल्पासाठी लेख हवे असतात, तेव्हा तीच मुलं शोधाच्या चौकटीत अख्खं वाक्य टाइप करून बसतात.

दोष मुलांचा नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त उरलं होतं. डोक्याला ताण देऊन बाहेर काढलेली गोष्ट टिकते, नुसती डोळ्यांखालून गेलेली निसटते.

म्हणून माझ्या मते तासाची सुरुवात प्रात्यक्षिकाने करूच नये. जोड्या करून एकच प्रश्न द्यावा, समजा, अपुऱ्या झोपेचा परीक्षेतल्या गुणांवर परिणाम होतो का? आणि सात-आठ मिनिटं गप्प राहावं. कुणी पूर्ण प्रश्नच टाइप करेल आणि हाती काही लागणार नाही. कुणी नुसतं ‘झोप’ टाकेल आणि तान्ह्या बाळांच्या झोपेपासून झोपेच्या गोळ्यांपर्यंतच्या ढिगात अडकेल. आता ‘संशोधक यासाठी कोणता शब्द वापरत असतील?’ असं विचारलं, तर ‘निद्रानाश’, ‘शैक्षणिक कामगिरी’ हे शब्द मुलांकडूनच येतात. अडल्यावर मिळालेला शब्द विसरला जात नाही.

शोधाचे शब्द जोडणाऱ्या ‘आणि’, ‘किंवा’ यांचा घोळ तर पडद्याशिवायही सुटतो. बोलताना ‘आणि’ने भर पडते, म्हणून शोधातही निकाल वाढतील असं वाटतं. ‘चष्मा आणि निळं पेन’ दोन्ही असलेल्यांना उभं करा. मोजकेच उठतील. ‘किंवा’ म्हणा, अर्धा वर्ग उठेल. गणितज्ञ जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्ये सविस्तर मांडलेलं तर्कशास्त्र असं बाकांवर दिसतं.

विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी सुमारे ३४ टक्के विद्यार्थी नापास झाले होते, तर सक्रिय अध्ययनाच्या, म्हणजे मुलांना स्वतः करायला लावणाऱ्या, वर्गांत सुमारे २२ टक्के. ते अख्ख्या सत्रांचे अभ्यासक्रम होते. ग्रंथालयाच्या वाट्याला एकच तास येतो, तेव्हा तेवढ्या फरकाची अपेक्षा ठेवू नये. शिवाय करून शिकण्याला वेळ लागतो, त्यामुळे एका तासात एखाद-दोनच गोष्टी बसतात. पुस्तक देवघेवीचे नियम खुशाल छापून हातात द्यावेत.

एक धोका मात्र ओळखून ठेवावा. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये आला. सक्रिय वर्गातली मुलं चाचणीत सरस ठरली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळं सोपं वाटतं, स्वतः धडपडताना आपलं अज्ञान बोचतं. ‘तास आवडला का?’ एवढंच विचारणारा अभिप्राय म्हणूनच फसवा ठरू शकतो. त्याऐवजी जाताना एका चिठ्ठीवर दोन ओळी मागाव्यात: तुम्ही पहिल्यांदा काय टाइप केलं होतं, आणि शेवटी काय टाइप केलं?