शॅम्पेन कपाटात मुरत नाही

सांगलीत कुणाला शॅम्पेनची बाटली भेट मिळाली, की ती हमखास कपाटात जाते. ‘जितकी जुनी तितकी भारी, पोरीच्या लग्नात उघडू.’ हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगल्या बाटल्या वाया जातात याचं वाईट वाटतं.

शॅम्पेन मुरते ती फ्रान्समधल्या तळघरात, बाटलीतच, यीस्टच्या गाळासोबत. अनेक वर्षांच्या वाइनचं मिश्रण असलेली साधी बाटली किमान १५ महिने आणि एकाच सालच्या द्राक्षांची किमान ३ वर्षं ठेवल्याशिवाय विकताच येत नाही. म्हणजे दुकानात येते ती पिण्याजोगी होऊनच. एका सालची उत्तम शॅम्पेन थंड, अंधाऱ्या जागी पुढेही खुलते. साधीचा ताजेपणा मात्र काही वर्षांत उतरतो. आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तर फार लवकर.

भेट म्हणून विकत घेताना लेबल वाचा, त्यावर गोडीचा प्रकार लिहिलेला असतो. ‘ब्रूट’मध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, ‘एक्स्ट्रा ड्राय’ त्याहून गोड (‘ड्राय’ म्हणजे कमी गोड, पण नावावर जाऊ नका), ‘डेमी-सेक’मध्ये ३२ ते ५० ग्रॅम. तासगावच्या गोड द्राक्षांची सवय असलेल्या जिभेला ब्रूट आंबट लागू शकते. पहिल्यांदाच चाखणाऱ्याला मी डेमी-सेकच देईन, आणि यंदाच उघडायला सांगेन.